गोधडीखालचा बीप

बीपला मराठीत शब्द नाही आणि तो नसल्यामुळे कुणाचं अडलंही नाही. ऑफिसच्या गेटवर कार्ड टेकवलं की बीप, लिफ्टमध्ये माणसं जास्त झाली की बीप, टीव्हीवर शिवी आली की तिच्या जागी बीप. कोपरखैरण्याच्या आमच्या घरात तर वॉशिंग मशीनसुद्धा कपडे धुऊन झाले की असं ओरडायचं, जणू उपकारच केलेत. मला सगळ्यांचाच वैताग यायचा. एकच बीप मी जिवाचे कान करून ऐकायचे, बाबांच्या ऑक्सिजनच्या मशीनचा. तो वाजला म्हणजे लाइट गेली किंवा मशीन बंद पडलं. मग हातातलं टाकून धावायचं आणि कोपऱ्यातला सिलिंडर जोडायचा.

बाबांना मात्र त्या आवाजाने मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तुर्भ्याच्या कारखान्यात उभा जन्म खडखडाटात काढलेला हा माणूस सोसायटीतल्या पातळ भिंतींना भ्यायचा. त्यात शेजारच्या मुलीची बारावी.

"तिचा अभ्यास चाललाय गं. सेक्रेटरीकडे कंप्लेंट गेली तर?"

"जाऊ दे. मी बघते. तुम्ही टेन्शन घेऊ नका."

"तू बघशील गं. पण नाव आपलं खराब होतं."

त्या दुपारी मी चटणी वाटायला मिक्सर लावला होता. त्या घरघरीत मशीन मध्येच अडखळून वाजलं असावं, मला ऐकू आलं नाही. बाबांनी त्याच्यावर गोधडी टाकली, चांगली दुहेरी करून. हवा कोंडली, मशीन तापलं आणि बंद पडलं. बीप वाजत राहिला, पण आत. मी चहाचं विचारायला गेले, तर त्यांचे ओठ काळेनिळे पडले होते आणि एका हाताने त्यांनी गोधडी दाबून धरली होती. सिलिंडर जोडला, ॲम्ब्युलन्स आली, पण बाबा काही घरी परतले नाहीत. मला रडू यायच्या आधी त्यांचा राग आला. अजूनही येतो. माणसानं इतकं भिडस्त असावं?

पुढच्या आठवड्यात शेजारीण मुलीला घेऊन भेटायला आली. बोलता बोलता मीच म्हटलं, "मशीनच्या आवाजाचा तुम्हाला त्रास झाला असेल. बाबांना फार वाटायचं त्याचं."

तिने मुलीकडे पाहिलं. मुलीने नकारार्थी मान हलवली.

"नाही हो ताई," शेजारीण म्हणाली, "आमच्याकडे कधी काही ऐकूच आलं नाही."