दाजींसाठी पाहिलेलं रिव्हॉल्वर

किराणा दुकानात पाच रुपयांसाठी हुज्जत घालणारा माणूस बंदुकीच्या दुकानात आला की एकदम पोक्त होतो. आवाज खाली आणतो, काचेच्या कपाटाकडे बघत बसतो, आणि मग हळूच विचारतो, "यात स्वस्तातलं काय आहे?" मला या प्रश्नाचा फार राग यायचा. चपला घ्यायला आलात का, असं तोंडावर यायचं, पण दुकान माझं नव्हतं.

मी पोलीस दलाच्या शस्त्रागारात आर्मरर म्हणून एकतीस वर्षं काढली. हत्यारं उघडायची, साफ करायची, बिघडलेली दुरुस्त करायची, आणि शेवटी कागदावर लिहायचं, शस्त्र चालू स्थितीत आहे. निवृत्तीनंतर देवपुरात घर बांधलं. घरात बसून बायकोचं डोकं खाण्यापेक्षा बरं म्हणून पूल ओलांडून धुळ्यातल्या एका परवानाधारक बंदूकवाल्याकडे दुपारचे तीन तास बसू लागलो. दुकानदार विकायचा आणि मी तपासायचो. हत्याराचं खरंखोटं माझ्या तोंडून ऐकायला लोक शिरपूरहून, साक्रीहून यायचे. याचा मला गर्व होता, तो मी कधी लपवला नाही.

स्वस्तातलं रिव्हॉल्वर म्हणजे बहुतेक वेळा मेलेल्या माणसाचं. परवाना त्याच्याबरोबर संपतो, बायकोमुलं हत्यार दुकानात जमा करतात, आणि ते विकलं जाईल त्या भावात सोडून देतात. अशा मालात लोकांना वरचा निकलचा मुलामा चकचकीत हवा असतो. मी आधी नळी उजेडाकडे धरून आत गंजाचे खड्डे पडलेत का बघायचो. मग सिलिंडर बोटानं हलवून किती ढिला आहे ते बघायचो, घोडा मागे ओढून तो जागेवर नीट अडकतो का बघायचो, आणि चाप ओढताना कान लावायचो. घेणाऱ्याला ते कशाला हवंय, हे मात्र मी कधी कुणाला विचारलं नाही. ते माझं काम नाही, असं मी मानत होतो.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, जळगाव जिल्ह्याच्या पूर्वेकडे तापीकाठच्या एका केळीच्या गावात दिलेली. ती लग्न होऊन गेली तेव्हा तिच्या सासूला जाऊन वर्ष झालं होतं आणि धाकटा दीर चार वर्षांचा होता. अक्कानं त्याला अंघोळी घातल्या, शाळेत पोचवलं, गोवर आला तेव्हा मांडीवर घेऊन बसली. तिला स्वतःच्या दोन मुली झाल्या, पण मुलगा म्हणून तिनं त्यालाच वाढवला. पुढे सासरे गेले, दोघा भावांची वाटणी झाली, शेत अर्धं अर्धं झालं आणि विहीर सामाईक राहिली. मोटारीच्या पाळीवरून कुरबुर सुरू झाली. धाकट्यानं एकदा दाजींची पाइपलाइन तोडली, दाजींनी एकदा त्याची मोटार काढून ठेवली. एका अंगणात दोन दारं, आणि दोघांनी एकमेकांशी बोलणं टाकलं.

त्यातच एके सकाळी दाजी बागेत गेले तर निसवलेल्या, घड बाहेर पडलेल्या केळीची तीनशेच्या वर खोडं कंबरेतून कापून पडलेली. आमच्याकडे ही दुष्मनी काढायची जुनी रीत आहे. माणसाला कुणी हात लावत नाही, त्याची केळी कापतात. वर्षभर पोटच्या पोरासारखी वाढवलेली बाग आडवी झालेली बघणं काय असतं, ते केळीवाल्यालाच कळतं. पोलीस आले, पंचनामा झाला, कोण ते सापडलं नाही. दाजींच्या मनात मात्र एकच नाव होतं. त्यांनी स्वसंरक्षणासाठी परवान्याचा अर्ज केला, दीड-दोन वर्षं खेटे घातले, आणि परवाना हातात आल्यावर स्वस्तातलं रिव्हॉल्वर शोधायला निघाले. शोधायला म्हणजे माझ्याकडेच.

ते एसटीत बसले आणि इकडे अक्काचा फोन आला.

"भाऊ, हे धुळ्याले येऊन राह्यले. तू पाह्यशीन आन् खराब हाये म्हनून सांगशीन. येवढं एक खोटं बोल माह्यासाठी."

"अगं, पण हत्यार बघितल्याशिवाय..."

"चांगलं असलं तरी खराब म्हन. त्याइच्या डोक्यात दुसरं काही नही. धाकल्याले मारतीन हे."

मी "बघतो" म्हणालो. 'बघतो' म्हणजे काय ते तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. तिनं फोन ठेवला.

दाजी दुकानात आले तेव्हा आणखी दोन गिऱ्हाइकं बसलेली होती. दुकानदारानं तीन रिव्हॉल्वरं काढून ठेवली. दोन भंगार होती, ती मी उचलून परत दिली. तिसरं बत्तीस बोअरचं, सरकारी कारखान्याचं, एका वारलेल्या कंत्राटदाराचं. वरून इतकं कळाहीन की कुणी हातात घेत नव्हतं, म्हणून नव्याच्या निम्म्याहून कमी भावात पडून होतं. मी नळी उजेडाकडे धरली. आतून आरसा होता. सिलिंडर घट्ट. घोडा जागच्या जागी. त्या कंत्राटदारानं बहुतेक आयुष्यात दहा गोळ्याही झाडल्या नसतील.

"साहेब, घेन्यासारखं हाये का नही?" दाजी विचारत होते. ते मला थट्टेनं साहेब म्हणायचे, त्या दिवशी थट्टा नव्हती.

सिलिंडर ढिला आहे, एवढे तीन शब्द पुरले असते. दाजींना काही कळलं नसतं. दुकानदाराला कळलं असतं. त्या दोन गिऱ्हाइकांसमोर दुकानदारानं भुवई उचलली असती, आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर गेलं असतं की आर्मररची नजर गेली. मला ते सोसवलं नाही. एवढंच कारण आहे, याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

"डोळे झाकून घ्या," मी म्हणालो. वर आणखी शहाणपण केलं, "दिसण्यावर जाऊ नका, असा माल पुन्हा मिळायचा नाही."

दाजींनी घेतलं. मी अक्काला फोन केला नाही, तिनंही केला नाही. रात्री बायकोला सांगितलं, खोटं कसं सांगणार, उद्या ऐन वेळी त्यांना धोका झाला तर? बायको भाजी निवडत होती. ती म्हणाली, "धोका कोणाला?" मी चिडून बाहेर जाऊन बसलो.

पुढे बरेच महिने काही झालं नाही. मधे निवडणूक आली, तेव्हा नियमाप्रमाणे दाजींना रिव्हॉल्वर पोलीस ठाण्यात जमा करावं लागलं. तेवढा महिना-दीड महिना अक्का फोनवर जुन्यासारखी बोलायची, लोणच्याचं विचारायची, मुलींच्या सासरचं सांगायची. एकदा म्हणाली, "निवडनूक दर वर्षी कायले घेत नही रे?" मी हसलो. तिला हसू आलेलं नव्हतं.

त्या वर्षी भाऊबीजेला मी गेलो. ओवाळून झालं, पाटावरून उठतो न उठतो तोच दाजींनी कापडात गुंडाळलेलं रिव्हॉल्वर पुढ्यात ठेवलं.

"साहेब, हे तुमचं डोये झाकून घेतलेलं. घोडा अडकते, चरखी फिरतच नही."

हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी पास केलेलं हत्यार अडकतं म्हणजे काय! ओट्यावर वर्तमानपत्र पसरलं, उघडलं, तर आत जागोजागी तपकिरी काळपट चिकट थर. वास घेतला आणि लगेच कळलं, केळीचा चीक. पान तोडलं, खोड छाटलं की जो गळतो, कपड्यावर पडला तर कपडा फाटेपर्यंत डाग जात नाही, तोच. मी दाजींना सगळ्यांसमोर झापलं. बागेत काम करायचं आणि त्याच हातांनी हत्यार धरायचं, काही अक्कल आहे की नाही? दाजी पुन्हा पुन्हा सांगत होते, "साबनानं हात धुतो मी, आईची आन." माझा विश्वास बसला नाही. केळीवाल्याचे हात कधी कोरे असतात का?

रॉकेलमध्ये भिजवून, काडीला चिंधी लावून, तास दीड तास मी एकेक फट साफ केली. अक्का दारात उभी होती. तिच्या नखांत चीक बसलेला होता, पण त्या गावात कुठल्या बाईच्या नखांत नसतो? ती दोनदा म्हणाली, "भाऊ, राहू दे ना. जेवन थंडं होऊन राह्यलं." मी म्हटलं, जेवण कुठं पळून जातंय. तेल दिलं, सिलिंडर फिरवला, तो कसा गरगर फिरला! दाजींच्या हातात देताना मला फार बरं वाटलं. आता हे लिहितानासुद्धा आठवतं की बरं वाटलं होतं, आणि माझी मलाच शिसारी येते.

फाल्गुनात, सकाळी आठच्या सुमाराला, विहिरीवर मोटारीच्या पाळीवरून दोघं भाऊ समोरासमोर आले. धाकट्याच्या हातात मोटारीचा पाना होता. एकच गोळी सुटली. जळगावला नेईपर्यंत तो वाटेतच गेला. त्याच्यामागे बायको आणि पाचवीतली मुलगी. दाजी स्वतःहून ठाण्यात गेले, हत्यार टेबलावर ठेवलं आणि खुर्चीवर बसून राहिले. महिन्याभरानं त्याच शिवारात दुसऱ्या एकाची केळी तशीच कंबरेतून कापली गेली. म्हणजे दाजींची बाग कापणारा कोणी वेगळाच होता आणि तो अजून फिरत होता. निदान मी तरी तसं धरून चालतो.

दाजींचा वकील जळगावचा. त्यानं मला कोर्टाजवळच्या त्याच्या खोलीत बोलावलं, चहा पाजला, आणि सरळ मुद्द्यावर आला. प्रयोगशाळेच्या अहवालात हत्यार चालतं एवढंच लिहिलंय. झटापटीत ते आपोआप सुटलं, हे सांगायला जाणकार पाहिजे. "ते विकत घेताना तुम्ही तपासलंय, पुढे दुरुस्तही तुम्हीच केलंय. जुनं होतं, घोडा झिजलेला होता, धक्क्यानं सुटू शकतं, एवढं म्हणा. खून राहणार नाही. तुमचे दाजी चार-दोन वर्षांत घरी येतील."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, विचार करायला वेळसुद्धा मागितला नाही. आता माझी नजर गेली असं कुणी म्हटलं असतं तरी चाललं असतं. खोलीतून बाहेर पडलो तेव्हा किती महिन्यांनी छाती मोकळी झाली होती. तिथूनच गाडी पकडून अक्काकडे गेलो, तिला हे सांगायला.

ती अंगणात होती. जाऊ तिच्याजवळ बसलेली, दोघी मिळून शेंगा फोडत होत्या. दोन्ही दारं उघडी होती. जाऊ मला बघून आत गेली. मी अक्काला वकिलाचं सगळं सांगितलं. म्हटलं, काळजी करू नको, मी साक्ष देतो, दाजी सुटतील.

अक्का शेंगा फोडत राहिली. मग म्हणाली, "मी दर आठ दिवसाले त्याच्यात चीक घालत व्हती, भाऊ. पानाचा देठ मोडायची आन् थेंब थेंब सोडायची. वर्षभर घातला. तू एका दुपारी सारा काढला."

ती रडतही नव्हती.

"अक्का, म्हणूनच आता मी..."

"तो जिता व्हता तवा एक खोटं मांगलं व्हतं मी तुह्याकडे," ती म्हणाली. "तवा दिलं नही. आता मले नोको. जावेच्या पोरीसमोर रोज माह्यं उठनं-बसनं हाये. तिच्या बापाचा जीव कसा गेला ते खरं सांग."

मी संध्याकाळच्या गाडीनं धुळ्याला परतलो. दुकानात जाणं त्याच आठवड्यात सोडलं.

साक्षीला वकिलानं मला विचारलं, घोडा झिजलेला होता का? मी म्हणालो, नाही. त्यानं पुन्हा, शब्द फिरवून विचारलं. मी पुन्हा नाही म्हणालो. मग सरकारी वकील उठले आणि शस्त्र चालू स्थितीत होतं का, असं त्यांनी विचारलं. पूर्णपणे, मी म्हणालो. दाजी माझ्याकडे बघत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं.

त्यांना जन्मठेप झाली. अक्का आता दोन्ही वाट्यांची केळी बघते. जावेची मुलगी तिच्याजवळच झोपते. भाऊबीजेला मी गेलो तर ओवाळते, ताट पुढे करते, जेवायला वाढते. पण एकदाही मला भाऊ म्हणून हाक मारलेली नाही. तिचा दीर गेला तो माझ्या खरं बोलण्यानं आणि नवरा गेला तोही माझ्याच खरं बोलण्यानं, त्यातलं दुसरं तिनं मागितलं होतं.