हातोहात बजावणी

“आधी पाणी द्या, मग कागद देतो.”

कुणाच्याही दारात गेले की नानांचं पहिलं वाक्य हेच. चपला उंबऱ्याबाहेर काढायच्या, पिशवी मांडीवर घ्यायची, चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसायचा आणि पाणी मागायचं. घरातल्या माणसाला वाटायचं, कोण लांबचा पाहुणा आलाय. तांब्या रिकामा झाल्यावर नाना सांगायचे, “मी धुळ्याच्या कोर्टाचा बेलिफ. तुमच्या नावाचं समन्स आहे.”

एकदा मी त्यांना विचारलं, असं का? ते म्हणाले, “वकीलसाहेब, ज्यानं आत्ताच पाणी पाजलं, तो माणूस काठी घेऊन अंगावर येत नाही. अनुभव आहे.”

बेलिफ म्हणजे कोर्टाचे कागद लोकांच्या हातात नेऊन देणारा माणूस. कोर्ट म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे न्यायाधीश येतात, काळे कोट येतात. पण दिवाणी दावा खऱ्या अर्थानं सुरू होतो तो बेलिफ गावात पोहोचल्यावर. ज्याच्यावर दावा केला त्याला तो कळला, असा अहवाल बेलिफानं दिला की पुढची चाकं फिरतात. कागद मिळूनही माणूस आला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. आणि कागद मिळालाच नसताना ‘घेण्यास नकार दिला’ असा शेरा पडला, तरीही तो एकतर्फीच चालतो. हे सगळं मला पुस्तकातून माहीत होतं. नानांमुळे ते डोळ्यांनी बघायला मिळालं.

वकिली सुरू करून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली मी काम करत होतो. आमचा एक पक्षकार होता, धुळे तालुक्यातलाच शेतकरी. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर त्याच्याबरोबर बहिणीचंही नाव लागलं होतं. बहिणीनं हक्क सोडल्याचा अंगठ्याचा कागद आपल्याकडे आहे, तेव्हा तिचं नाव काढावं, असा त्याचा दावा. बहीण विधवा, शेजारच्या गावात एकटी राहणारी.

समन्स निघालं तेव्हा साहेब मला म्हणाले, “बेलिफाबरोबर जा. पत्ता दाखवायला वादी येईलच. बाई कागद घ्यायची नाही, तसा शेरा घेऊन ये.” बाई कागद घेणार नाही हे साहेबांना आधीच कसं कळलं, हे मी विचारलं नाही. नव्या वकिलाला काही प्रश्न पडूनही विचारता येत नाहीत.

माझ्या मोटरसायकलवर मागे नाना, पुढे वादी त्याच्या गाडीवर. वाटेत एका ढाब्यावर वादीनं गाडी थांबवली. शेवभाजीचा वास रस्त्यापर्यंत येत होता. “चला नाना, दोन घास खाई ल्या,” तो म्हणाला.

नानांनी पिशवीतून स्वतःचा डबा काढला. “भाऊ, वादीनं जेवण प्रतिवादीले पचत नही,” असं हसत म्हणाले आणि बाहेर लिंबाखाली एकटेच जेवले. मी आत बसून शेवभाजी खाल्ली. तिखट होती, पण डोळ्यांत पाणी आलं ते नुसत्या तिखटानं, असं आज म्हणवत नाही.

बहिणीच्या घराला कुलूप होतं. वादी लगेच म्हणाला, “लिखी टाका, घेत नही म्हनीसन.”

“कुलूप ‘घेत नाही’ कसं म्हणेल?” नाना मला म्हणाले, आणि शेजारच्या घरी जाऊन पाणी मागितलं. शेजारीण म्हणाली, अक्का कापूस वेचायला गेलीय, नाल्यापलीकडच्या शिवारात. वादी म्हणाला, तिकडे गाडी जात नाही. नाना म्हणाले, “पाय जातात की.”

ऊन कडक होतं. नाना पुढे, मी मागे, आणि बराच मागे वादी. कापसाच्या शेतात आठ-दहा बायका कमरेला ओट्यांच्या झोळ्या बांधून वेचत होत्या. नानांनी नाव पुकारलं तशी त्यातली एक सरळ उभी राहिली. पन्नाशीची असेल. तिनं आमच्याकडे पाहिलं, माझा काळा कोट पाहिला आणि तिचा चेहरा उतरला.

“मी काय चोरी करेल शे का?” ती म्हणाली.

“नही अक्का. आधी पानी द्या, मंग सांगस.”

बांधावरच्या मडक्यातलं पाणी नाना प्याले. मग तिच्यासमोर ढेकळांवर बसले आणि कागद उघडून सावकाश वाचू लागले. एक वाक्य वाचायचं, मग त्याचा अर्थ अहिराणीत सांगायचा. “हाऊ कागद कोर्टना शे, पोलीसना नही. तुम्हना भाऊ सांगस, जमीनवर तुम्हना हक्क नही. तुम्ही तारखेले कोर्टमा उनात नही, तर भाऊ म्हनस तेच खरं व्हई.” शेवटी म्हणाले, “वकील नही म्हनीसन घरी बसू नका. बाईमाणूसले कोर्ट फुकट वकील देस.”

ते शेवटचं वाक्य समन्सवर नव्हतं.

अक्कानं कागदावर अंगठा दिला. कापसाच्या बोंडांनी तिची बोटं ओरबाडलेली होती, शाई त्या ओरखड्यांत भरली. मग तिची नजर लांब बांधावर उभ्या असलेल्या भावाकडे गेली. आता ही शिव्या देणार, असं मला वाटलं. तिनं हाताचा आडोसा कपाळावर धरला आणि ओरडून विचारलं, “जेवना का रे तू?”

भाऊ चपलेनं माती उकरत राहिला. नाना चष्मा पुसत होते. बराच वेळ पुसत होते.

कोर्टात परतल्यावर नानांनी अहवालात लिहिलं, ‘प्रतिवादी समक्ष भेटल्या. वाचून, समजावून हातोहात बजावणी केली.’

साहेब माझ्यावर चिडले. दोन दिवसांनी त्यांनी वादीच्या नावानं नाझरकडे, म्हणजे नानांच्या वरिष्ठांकडे, तक्रार द्यायचं ठरवलं. बेलिफानं प्रतिवादीचं आदरातिथ्य घेतलं, तिला कायदेशीर सल्ला दिला, पक्षपात केला. ती तक्रार मी लिहिली. सांगायला लाज वाटते, पण भाषा चांगली जमली होती.

नानांकडून खुलासा मागवला गेला. त्यांनी दोनच ओळी लिहून दिल्या. ‘पाणी प्यालो, तहान लागली होती. मोफत वकील मिळतो हे सांगितलं, कारण तो मिळतो.’ पुढे चौकशी काही झाली नाही, पण नाझरनं सावधपणा म्हणून नानांना फिरतीवरून काढलं आणि जुन्या फाइलींच्या खोलीत बसवलं. ज्या माणसाला तालुक्यातल्या प्रत्येक गावचा रस्ता पाठ, त्याला खिडकी नसलेल्या खोलीत आठ महिने बसावं लागलं. धुळीनं त्यांना खोकला लागला, तो कधी पुरता गेला नाही.

एका दुपारी मी त्या खोलीत गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो. नानांनीच फाइलीतून मान वर केली.

“तक्रार छान लिहिलीय, वकीलसाहेब. फक्त त्या दिवशी गाडी तुमची होती आणि सगळं तुमच्या डोळ्यांदेखत झालं, एवढं लिहायचं राहिलं.”

मी म्हणालो, “नाना, चुकलं.”

“बसा,” ते म्हणाले, आणि एक गठ्ठा उचलून स्टुलावर माझ्यासाठी जागा केली. पुन्हा त्यांनी तो विषय कधी काढला नाही. त्याच आठवड्यात मी नाझरकडे स्वतःच्या सहीनं खरी हकीकत लिहून दिली. साहेबांचं ऑफिस सोडावं लागलं, त्याचं फारसं दुःख झालं नाही. नाना मात्र त्यानंतरही दोन महिन्यांनी फिरतीवर परतले. सरकारी कागद चढायला वेळ लागत नाही, उतरायला लागतो.

अक्का तारखेला आली होती. सकाळी आठपासून पायऱ्यांवर बसून होती. शिपायानं तिचं पूर्ण नाव पुकारलं, पण आयुष्यभर अक्का म्हणूनच हाक ऐकलेल्या त्या बाईला ते आपलंच आहे हे कळेना. तेवढ्यात तिकडून चाललेले नाना थांबले, “अक्का, तुम्हनंच नाव शे,” म्हणाले आणि पुढे गेले. न्यायाधीशांनी तिला वकील मिळवून दिला. साक्षीत तिनं सांगितलं, की बापाच्या तेराव्याला ‘वारसाची नोंद करायचीय’ म्हणून भावानं अंगठा घेतला होता. उलटतपास झाला त्या दिवशी भाऊ तिच्याकडे बघू शकत नव्हता. शेवटी लोकअदालतीत तडजोड झाली. विहिरीकडची अर्धी जमीन बहिणीची, तिचं नाव कायम. सह्या झाल्यावर तिनं पदरात बांधून आणलेली भाकर सोडली आणि भावापुढे धरली. या वेळी त्यानं ती घेतली.

आता समन्स मोबाइलवरही जातं. दोन निळ्या खुणा उमटल्या की झालं. सोय आहे, मी नाकारत नाही.

नाना निवृत्त झाले त्या दिवशी चार वाजता निरोप समारंभ होता. शाल, नारळ, पेढे, फुलांचा हार. न्यायाधीशही वेळ काढून येऊन बसले. नानांची खुर्ची रिकामी. फोन लागेना. नाझर घाम पुसत म्हणाले, “सकाळी एक समन्स उरलंय म्हणत होते. मी सांगितलं, उद्या दुसरा नेईल. ऐकलं नाही.” मग भाषणं सुरू झाली. दोघांनी रिकाम्या खुर्चीकडे बघून नानांचं कौतुक केलं. तिसरा उठला तेव्हा सव्वापाच झाले होते.

तेवढ्यात नाना दारात आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत धुळीनं माखलेली, खोकला सुरू. सगळे उठून उभे राहिले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी हार गळ्यात घातला. नानांनी हात जोडले, पण खुर्चीकडे गेले नाहीत. ते सरळ कोपऱ्यातल्या कारकुनाच्या टेबलाशी गेले, पिशवीतून अहवाल काढून पुढे ठेवला आणि म्हणाले, “आजच्याच तारखेत घ्या हं.”

कारकून शिक्क्याची डबी शोधू लागला. न्यायाधीश उभे, आम्ही उभे, पेढ्यांचं ताट धरलेला शिपाई उभा. आणि गळ्यात हार घातलेले नाना, टेबलावर किंचित वाकून, शिक्का नीट उमटतोय की नाही ते बघत होते.