विष्णुक्रांतेसाठी करमाडला

कमलला तिसऱ्यांदा आकडी आली. माझी लेक, चार वर्षांची. आमच्या छावणी भागातले वैद्य म्हणाले, ताजी विष्णुक्रांता आणा, मुळासकट. निळं फूल बघितल्याशिवाय मात्र हात लावू नका, भलताच पाला पोटात गेला तर पोर दगावेल. सासूबाईंनी वर बजावलं, आदल्या संध्याकाळी हळद-तांदूळ वाहून झाडाला आवतण द्यायचं आणि सूर्य उगवायच्या आत तोडायचं, नाहीतर गुण जातो. मी दोघांपुढंही मान डोलावली.

शेजारच्या रशीदाबीचं माहेर करमाडचं, म्हणून तिच्यासोबत निजाम सरकारची जालन्याकडची गाडी धरली. तुम्ही कुणी तिकडं जाणार असाल तर तिकिटाला हाली, म्हणजे निजामी, नाणीच ठेवा, आणि भाकरी घरूनच बांधा, स्टेशनात चहाशिवाय काही मिळत नाही. रशीदाबी वाटभर बोलत होती. माझं चित्त घरी, कमलच्या डोळ्यांपाशी.

संध्याकाळी माळावर गेलो. जमिनीला चिकटलेली, लवदार पानांची इवलीशी रोपं गवतात लई पसरलेली, फुलं मिटलेली. त्यातल्या एकाला हळद-तांदूळ वाहिले.

पहाटे सापाच्या भीतीनं काठी आपटत परत गेलो. रोपाशी बसले. फूल मिटलेलंच होतं. रंग कळायला ते उघडायला हवं, आणि उघडायला ऊन हवं! दोघांचं एकदम ऐकता येणार नाही, हे घरी कसं सुचलं नाही बाई मला?

"गाडी चुकंल," रशीदाबी म्हणाली. "पन बच्चीचा सवाल हाय. बस तू."

बसले. ऊन आलं तशी आजूबाजूला निळी फुलं उघडली. हळद लावलेल्या माझ्या रोपाला मात्र तांबडं फूल आलं. हेच मी घरी नेणार होते! भर उन्हात, आवतण न दिलेली निळी रोपं उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि पळत गाडी गाठली.

सूर्य उगवायच्या आत तोडलीस ना, सासूबाईंनी दारातच विचारलं. मी घडलं ते सगळं सांगितलं. त्यांनी फडकं माझ्या हातातून घेतलं आणि चूल पेटवली. काढा झाला, पण वाटी कमलच्या ओठांशी न्यायला माझा हात पुढं होईना. सासूबाईंनी ती घेतली, आधी स्वतः घोट घेतला आणि पदरानं तोंड पुसलं.

"थांब जरा," म्हणाल्या. "मला काय होतंय का बघू."

कमल आत्ता माझ्याशेजारी पाटीवर रेघोट्या मारतेय. पण करमाड म्हटलं की मला अजून त्या घोटानंतरचा वेळच आठवतो. मी सासूबाईंचा हात धरून बसले होते, आणि तो माझ्याइतकाच गार पडला होता.