एक ते चार दार वाजवू नये

लग्न होऊन मी अकोल्याहून अमरावतीला आले, तेव्हा माझे सासरे नगरपालिकेतून नुकतेच निवृत्त झाले होते. कचेरी सुटली होती, नियम सुटले नव्हते. फेरीवाल्यांनी परवाना बाळगावा, दुपारी एक ते चार कुणाचं दार वाजवू नये, असा नियम होता. गल्लीत कुणाला तो ठाऊक नव्हता. मामंजींना तोंडपाठ होता. त्यांनी स्वतःच्या हातानं रंगवून फाटकावर पाटी लावली.

महिनाभर दुपारी शांतता होती. कल्हईवाला पाटी पाहून पुढे जाई, सासूबाई खिडकीतून हळहळत.

मग एकदा ऐन दोन वाजता वलगावची बोहारीण आली. जुने कपडे घेऊन भांडी देणारी. तिनं "भांडेऽऽय" अशी आरोळी ठोकली तसे मामंजी धोतर सावरत बाहेर आले.

"पाटी दिसत नाही?"

"दिसते ना. वाचता येत नाई."

मामंजींनी पाटी खणखणीत वाचून दाखवली. तिनं टोपली खाली ठेवून नीट ऐकली.

"मंग बाप्पा, मी दार कुठी वाजवून राहिली? मी त रस्त्यावर उभी राहून वरडून राहिली."

मामंजी तरातरा आत गेले. मला वाटलं, काठी आणतात. त्यांनी नियमांचं पुस्तक आणलं, चष्मा लावला, दोन पानं उलटली.

"ओरडण्याबद्दल काही लिहिलेलं नाही," ते पडेल आवाजात म्हणाले. मी पदराआड हसले. पण खोटं बोलून ते जिंकले नाहीत, हेही मी पाहिलं.

"परवाना दाखव."

तिनं कमरेच्या पिशवीतून घड्या पडलेला कागद काढला. मुदत कधीच संपली होती. मामंजींचा चेहरा उजळला.

"घरवाला होता तवर तो करून आने," ती म्हणाली. "आता मले कोन सांगते?"

मामंजी ओट्यावर बसले, मला दौत-टाक आणायला सांगितलं आणि वळणदार अक्षरात तिचा अर्ज लिहिला. दुसऱ्या दिवशी कोट-टोपी घालून तिच्याबरोबर कचेरीत गेले. पुढे डोक्यावर टोपली घेतलेली बोहारीण, मागे छत्री घेतलेले मामंजी. सगळी गल्ली दारात उभी होती.

परवाना मिळाला. तिनं ही गोष्ट गावभर केली. मग कासार आला, कल्हईवाला आला, अचलपूरहून एक घोंगडीवाला आला. सगळ्यांच्या हातात जुने कागद. दुपारी ओटा भरू लागला. मामंजींची झोप कायमची गेली.

"लावा अजून पाटी," सासूबाई म्हणायच्या, आणि सगळ्यांसाठी चहा टाकायच्या.

मामंजी मान खाली घालून लिहीत असत. मध्येच चष्म्यावरून बघत आणि नवीन आलेल्याला म्हणत, "बसा. किती वर्षं फिरता?" कचेरीत मामंजी कसे असतील, ते मी तिथंच पाहिलं.