अनारशांसाठी खसखस

"मग काय, मी पोलिसांत जाऊन सांगू, ती खसखस माझी म्हणून?" चंद्रहास स्वयंपाकघरात दात आवळून बोलत होता, कारण बाहेरच्या खोलीत कुलसुम बसली होती.

"तुमचीच आहे," शुभदा म्हणाली. "दुसऱ्या कुणाची?"

कुलसुमचा नवरा तय्यब मस्कतहून दुबईला मालाची गाडी नेई. काल अमिरातीच्या चौकीवर त्याला अडकवला. चंद्रहासच्या दुबईतल्या बहिणीसाठी, रेखासाठी नेत असलेल्या बेसनाच्या डब्यात खसखशीची पुडी निघाली. खसखस म्हणजे अफूच्या बोंडांतलं बी. तिकडे तो गुन्हा. तय्यबला सांगितलं होतं, दिवाळीचं सामान आहे. यंदा दिवाळी रमजानातच आली होती.

चंद्रहासला हे ठाऊक नव्हतं, असं म्हणायची सोय नव्हती. एक्क्याण्णव साली तो वायरमन म्हणून मस्कतला आला आणि पुढे टाय लावून सामान तपासायची यंत्रं विकू लागला. गेल्या वर्षी सीमेवरच्या गुन्ह्यांची माहिती एकमेकांना द्यायची, यासाठी ओमान आणि अमिरात या दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांची हॉटेलात बैठक झाली, तेव्हा प्रोजेक्टर लावायला हा होता. मागच्या रांगेत अर्धा चेहरा आलेला फोटो त्याने फ्रेम करून मस्कतच्या दार्सैत भागातल्या घरात सोफ्याच्या वर टांगला. तेव्हापासून घरी येणाऱ्या प्रत्येकाला, अगदी गॅसचा सिलिंडर आणणाऱ्यालाही, दोन देशांच्या सहकार्यावर भाषण ऐकावं लागे. बंदी असलेल्या वस्तूंची नावं तो पाठ म्हणून दाखवी. त्यात खसखस होती.

आणि तरी पुडी त्यानेच बांधली, बेसनात खोल खुपसली. शुभदा इथे आल्यापासून तिळावरच अनारसे थापत होती, पण ते खाताना तो तोंड वाकडं करी. बहिणीच्या घरी तरी खरे अनारसे व्हावेत, असा त्याचा हट्ट.

"तिथे माझं नाव गेलं की इथे कळणार," तो म्हणाला. "आता सगळं जोडलंय. व्हिसा जाईल माझा!"

"आणि तय्यबचा?"

"ड्रायव्हर लोकांना सोडतात ते. चार दिवस ठेवतील, खलास."

मग चेहरा गोड करून तो बाहेर गेला. "भाभी, चहा घ्या ना थोडा."

भर रमजानात.

"रोजा आहे, साहेब," कुलसुम म्हणाली. "तुम्ही नुसता फोन करा. साहेबांची तिकडे मोठी ओळख आहे, असं हे सांगायचे."

"बघतो, इन्शाल्ला," फोटोखाली उभं राहून चंद्रहास म्हणाला. "पण डब्यात काय होतं ते तय्यबलाच माहीत. वाटेत कोण काय ठेवेल, सांगता येतं का?"

कोपऱ्यात अभ्यास करणाऱ्या अंतराने मान वर केली. "बट बाबा, ते पॅकेट तर तुम्ही ठेवलं. मी बघितलं ना."

"तू आत जा. मोठ्यांच्या मध्ये बोलायचं नाही."

कुलसुमने एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. ती रडली नाही. ओढणी सारखी करून उठली.

"बस, कुलसुम," शुभदा हात पुसत बाहेर आली. "उद्या सकाळी आपण दोघी इथल्या पोलिसांकडे जातोय. पुडी कुणी बांधली ते मी नावानिशी लिहून देणार. ते तिकडे कळवतील. अंतरा, शाळा सुटली की तू शेजारी नयनामावशीकडे थांबायचं." मग नवऱ्याकडे न बघताच ती म्हणाली, "तुम्ही यायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी जाणार आहे."