इंदूची रजा

प्रेसकाकांनी एकदा दहा दिवस सुतक पाळलं. वारलेले गृहस्थ त्यांच्या वहीतले होते. कादंबरीच्या सहाव्या प्रकरणात नायिकेचे, म्हणजे इंदूचे, सासरे गेले आणि दुसऱ्या दिवसापासून काकांनी दाढी केली नाही, देवाची पूजा केली नाही, चहात साखर घेतली नाही. समोरच्या ब्लॉकमधल्या हंसाबेनना वाटलं, खरंच कोणीतरी गेलं. त्या खिचडीचं पातेलं घेऊन आल्या आणि दारातच हळू आवाजात म्हणाल्या, "भाभी, कौन गया?" काकू म्हणाल्या, "जो गया वो था ही नहीं, हंसाबेन. आप बैठो." पातेलं मात्र ठेवून घेतलं. काकांनी मान खाली घालून खिचडी खाल्ली. मी तिथेच होते. "चांगला माणूस होता," ते मला म्हणाले. "सुनेला कधी वर तोंड करून बोलला नाही."

भाईंदरला केबिन रोडच्या मागच्या गल्लीत एक छोटा छापखाना होता. काका तिथे मजकूर टाइप करायचे आणि प्रुफंही तेच तपासायचे. लग्नपत्रिका, बिलबुकं, मंडळांच्या पावत्या आणि आमची पत्रकं. माझे बाबा कंत्राटी कामगारांच्या संघटनेत. आमच्या घरी गोष्टीची पुस्तकं नव्हती, पत्रकांचे गठ्ठे होते. मी अक्षरं जुळवायला शिकले ती 'जाहीर निषेध' वाचून. पुढे पत्रकांचा मजकूर मीच लिहू लागले आणि छापून आणायचं कामही माझ्याकडे आलं. काका मला 'पुढारी' म्हणायचे.

शुद्धलेखनाच्या चुका ते न बोलता दुरुस्त करत. बोलायचे ते वेगळ्याच गोष्टींवर. 'कामगार बांधव' या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ मारून विचारायचे, "हा कोण? कुठे राहतो? डबा कोण करून देतं त्याला?"

"काका, पत्रक आहे ते. एकच पान आहे."

"मग एका पानात एक माणूस तरी बसव."

मला राग यायचा. मला वाटायचं, लोकांना आपल्या हक्कांसाठी उभं करायचं सोडून हा माणूस त्यांचे डबे उघडून बघतोय.

चार वर्षांपूर्वी भाईंदर पूर्वेला इमिटेशन दागिन्यांच्या एका गाळ्यात आग लागली. बायका वेळेआधी निघू नयेत म्हणून गाळ्याला बाहेरून कुलूप लावायची तिथे पद्धत होती. पाच जणी आत राहिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पत्रक घेऊन छापखान्यात गेले. मथळा होता, 'पाच महिला कामगारांचे बळी'. काकांनी तो वाचला, चष्मा काढला. "नावं?"

"नावं नंतर मिळतील. आज मोर्चा आहे."

त्यांनी पत्रक छापून दिलं. नावांचं पुढे राहूनच गेलं. मोर्चा झाला, निवेदन दिलं गेलं, दुसरे प्रश्न आले. काकांनी मात्र त्याच आठवड्यात कादंबरी सुरू केली. त्यात रत्नागिरीहून लग्न होऊन भाईंदरला आलेली, अशाच गाळ्यात दागिन्यांना खडे चिकटवणारी इंदू होती. शेवट आधीच ठरला होता. गाळा पेटणार, दाराला कुलूप असणार, इंदू आत असणार. एका ओळखीच्या संपादकांनी ती दिवाळी अंकात छापायचं कबूलही केलं.

दर शनिवारी मी पत्रक टाकायला गेले की काका नवं प्रकरण वाचायला द्यायचे. इंदू झपाट्याने मोठी होत गेली. तिला गवार आवडत नव्हती. मुकादमाला ती तोंडावर 'अरे' म्हणायची. काकू एकदा वैतागून म्हणाल्या, "बाजारात इंदूसाठी बांगड्या बघत होते. मला म्हणतात, हा रंग तिला खुलेल." काका यावर हसले नाहीत. "बघितल्या फक्त," म्हणाले.

मग आगीचं प्रकरण आलं आणि घोडं अडलं. पहिल्या खर्ड्यात त्या दिवशी इंदूला ताप होता, म्हणून ती कामावर गेलीच नाही. दुसऱ्यात तिच्या नणंदेला बघायला पाहुणे आले. तिसऱ्यात ती गावी लग्नाला गेली. दिवाळी अंक एकदा निघाला, दुसऱ्यांदा निघाला.

"काका, इंदूच्या रजा संपल्या," मी म्हटलं. "आता तिचं नाव हजेरीतून काढतील."

"काढू देत. दुसरीकडे चिकटवेल खडे."

त्या दिवशी मी सोडलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही तिला घरी ठेवलंत, बरं केलंत. पण गाळा बंद नव्हता. तिच्या जागेवर मालकाने दुसरी बसवली असणार. ती जळाली. तिचं नाव काय, काका? ती कुठे राहते? डबा कोण करून देतं तिला?"

मशीन चालू होतं, त्यावर कोणाच्या तरी वास्तुशांतीच्या पत्रिका निघत होत्या. मला जिंकल्यासारखं वाटत होतं, हे कबूल करायला हवं. शेवटी ते म्हणाले, "बरोबर आहे, पुढारी. तिचा विचारच केला नाही मी."

पुढच्या शनिवारी त्यांनी त्या बदलीच्या बाईला नाव दिलं होतं, शेवंता. नंतर तिला दोन मुलं झाली, एक तोतरा भाऊ झाला. दोन महिन्यांनी शेवंताचाही पाय मुरगळला आणि आगीच्या दिवशी तीही घरी राहिली. तिच्या जागी नसीम आली. मी कपाळाला हात लावला. "काका, असं केलंत तर कादंबरी संपायची नाही."

"मग नको संपू दे. तुझ्याच्याने होत असेल तर तू लिही शेवट. मी वाचणार नाही."

"लिहीन," मी म्हटलं. मला ते अवघड वाटत नव्हतं. पत्रकांखेरीज मी तोवर तीन कथा लिहिल्या होत्या, तिन्हींत शेवटच्या ओळीला माणूस मेला होता आणि एकाही रात्री माझी झोप उडाली नव्हती.

गेल्या वर्षी काका गेले. हृदयाचा झटका आला आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. तेराव्यानंतर काकूंनी सात वह्या माझ्या हातात दिल्या. "तू शेवट लिहिणार होतीस ना? मला त्या उघडवत नाहीत."

सातव्या वहीत काकांनी आगीचं प्रकरण पुरं केलेलं होतं. गाळ्यातल्या पाचही जणींना त्या दिवशी काही ना काही काम निघालं होतं. कोणाला रेशनच्या रांगेत उभं राहायचं होतं, कोणाच्या आईचे डोळे तपासायचे होते. गाळा पेटतो, बाहेर कुलूप असतं, आणि आत कोणी नसतं. संपादक म्हणाले, "हा शेवट खोटा आहे." मलाही तसंच वाटलं. मी खरा लिहायला बसले. इंदूला सकाळी घराबाहेर काढलं, जिना उतरवला, रस्ता ओलांडला. गाळ्याच्या दारापाशी माझा हात थांबला. तीन दिवस ती दारात उभी होती. तेव्हा वाटलं, खऱ्या पाच जणी कोण होत्या ते तरी आधी बघावं.

पहिलं घर मोरवा गावात सापडलं. सासू सुकट निवडत बसली होती. मी ओळख सांगितली, तेव्हा तिने नुसतं पाहिलं. "आता आलीस?"

मग सुकट निवडता निवडता ती आपणच बोलली. "त्या दिशी तिला जायाचाच न्हवता. पोराचा शालेत नाच होता. सुटी मांगली, शेट न्हाय बोलला."

त्यानंतर मी उरलेल्या घरीही हेच विचारत गेले. एकीची पाठ दुखत होती. एकीला बहिणीकडे बाळाला बघायला जायचं होतं. एकीच्या नवऱ्याने सांगितलं की कारण काही नव्हतं, नुसता कंटाळा आला होता तिला.

कादंबरी काकांनी लिहिली तशीच आम्ही त्यांच्याच छापखान्यात छापतोय. सुरुवातीला एक पान वाढवलंय. त्यावर पाच नावं आहेत, प्रत्येकीचं गाव, आणि त्या दिवशी तिला कशासाठी घरी राहायचं होतं ते. चौघींचं झालं. पाचवीच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू राहतात. तिची माणसं गावी गेली, कुठल्या गावी ते चाळीत कोणाला सांगता येत नाही. छापखाना त्या एका ओळीसाठी थांबलाय. पत्रक असतं तर मी ती ओळ गाळून केव्हाच पुढे गेले असते.