मोकाशीकाकांचे सात प्रश्न

मोकाशीकाकांच्या हातात कुठलाही कागद द्या, ते आधी तो उलटा करून पाठ बघायचे. लग्नपत्रिका असो, लाइट बिल असो, नाहीतर औषधाची चिठ्ठी. मग कानावरची पेन्सिल काढून समासात बारीक अक्षरात काहीतरी खरडायचे. माझ्या हळदीकुंकवाच्या आमंत्रणावर "पाच वाजता म्हणजे नक्की किती वाजता? स्पष्ट करावे" असं लिहून त्यांनी ते मला परत आणून दिलं होतं. आता बोला!

केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून ते सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेले. बावीस वर्षं दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये काढली आणि मग मयूर विहारला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये आले, ते आणि त्यांची मुलगी नयना. काकू आधीच गेल्या होत्या. कोणी जरा गोड बोललं की काका मान तिरकी करून म्हणत, "घाई कोणाला आहे, ते आधी बघावं. ज्याला घाई, त्याच्यावर नजर ठेवावी." भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळ्यांना हेच माप.

लग्नाला नऊ वर्षं होऊन मूल नव्हतं, म्हणून आम्ही गुडगावच्या एका दवाखान्यात टेस्ट ट्यूब बेबीसाठी जायला लागलो. गुडगाव तेव्हा नुकतं कुठे वर येत होतं. दवाखाना बाहेरून सगळा काचेचा आणि मागे मोहरीचं शेत. तिथल्या मुलीने अठरा पानांचा फॉर्म पुढे केला. "बस, साइन कर दीजिए मॅडम, फॉर्मॅलिटी है." नवऱ्याने पेन काढलंसुद्धा होतं. मीच फॉर्म पिशवीत टाकून घरी आणला.

काकांनी तो दोन दिवस ठेवून घेतला. सोळाव्या पानावर त्यांना सापडलं: उपचारानंतर उरलेले भ्रूण दवाखाना संशोधनासाठी वापरू शकेल, आणि उरलेले कोणते, ते डॉक्टर ठरवतील.

"म्हणजे बघ अनघा, तुझी पोरं शिल्लक कधी ठरली, हे तुला कळणारच नाही."

"पोरं काय म्हणता काका? सुईच्या टोकाएवढं असतं ते!"

"पोरं नसतील. पण दुकानातली शिल्लकही नाही ना?"

ते कलम त्यांनी आम्हाला खोडायला लावलं, दोघांच्या सह्यांनिशी. दवाखान्यातली मुलगी तोंड वाकडं करून बसली. पुढे आमची अंजू झाली आणि आमचे चार भ्रूण तिथे गोठवलेले राहिले.

नयना गुडगावच्याच एका कॉल सेंटरमध्ये होती. एका संध्याकाळी ऑफिसची कॅब उलटली, मणक्याला मार बसला आणि तिचं कमरेखालचं सगळं गेलं. सव्वीस वर्षांची पोर. दोन वर्षं ती खुर्चीत बसून खिडकीबाहेर बघत राहिली. मग त्याच दवाखान्याने खालच्या मजल्यावर नवा विभाग काढला. मानवी भ्रूणांतून काढलेल्या मूलपेशींची इंजेक्शनं मणक्यात द्यायची, म्हणजे माणूस पुन्हा चालू शकतो म्हणे. नयनाने स्वतः फोन करून नंबर लावला. कित्येक महिन्यांनी केस नीट विंचरून, लिपस्टिक लावून आमच्या दाराशी आली. "वहिनी, गॅरंटी नाहीये. पण ट्राय तर करू शकतो ना, यार?" मला रडूच फुटलं.

काका मात्र दगडासारखे. मला म्हणाले, "कोणाचे भ्रूण? तुझ्यासारख्याच कुठल्यातरी बाईचे, फक्त अठरा पानं न वाचता सही केलेल्या. आणि उपयोग होतो, हे तपासलं कोणी? त्यांनीच. आणि घाईही त्यांनाच."

मी न राहवून म्हटलं, "काका, मग आमचे चार घ्या. मी वाचून, समजून सही करते."

काका म्हणाले, "तुला द्यायचेत, की समोरच्या दाराची भीड पडलीय? भिडेपोटी दिलेली संमती मी धरत नाही."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. माणूस आहे की चाळणी! माझ्या चांगुलपणावरसुद्धा संशय? पण खरं सांगते, घरी आल्यावर मला हायसं वाटलं. ते चार मला द्यायचे नव्हते. ते त्यांनी ओळखलं, ह्याचा राग जास्त होता.

मग काकांनी त्यांना येत होतं तेच केलं. दवाखान्याला पत्र लिहिलं. वर संदर्भ क्रमांक, खाली विषय, आणि "खालील मुद्द्यांवर विनाविलंब खुलासा करावा" म्हणून सात प्रश्न. भ्रूण कोणाचे, आईबापांची लेखी परवानगी कुठे आहे, औषध कोणी तपासलं, बिघडलं तर जबाबदार कोण, असे. टाइप करून, रजिस्टर पोस्टाने! आयुष्यभर सरकारी सोडून दुसऱ्या भाषेत पत्रच लिहिलं नव्हतं त्यांनी. दवाखान्याला वाटलं, सरकारी चौकशी आली. आठवड्यात नयनाची फाइल कुरिअरने परत. मी फोन केला तर दवाखान्यातली ती मुलगी म्हणते, "सॉरी मॅडम, गव्हर्नमेंट मॅटर में हम नहीं पड़ते."

"प्रामाणिक असते तर उत्तर द्यायला काय जात होतं?" काका म्हणाले. पण आवाज बसला होता. उत्तरं आली असती तर त्यांनी इंजेक्शनं घेऊ दिली असती का, हे मला आजही कळलेलं नाही. त्या अनोळखी बायकांची काळजी होती, की लेकीच्या आशेचीच भीती वाटली? नयना त्यांच्याशी महिनाभर बोलली नाही. नंतर बोलायला लागली, ते फक्त जेवणाबिवणाचं.

काका गेले ते हार्ट अटॅकने, दूध घेऊन येताना जिन्यात. तोवर त्या दवाखान्याने तो विभाग गुपचूप बंद केला होता. कोणी चालायला लागल्याचं काही ऐकलं नाही. तेराव्यानंतर मी नयनाकडे डबा घेऊन गेले आणि समजूत घालायची म्हणून म्हटलं, "काका बरोबर होते गं शेवटी."

"होते ना वहिनी. बिल्कुल बरोबर होते," ती म्हणाली. "ज्या बायकांना कधी बघितलंही नाही, त्यांची मर्जी विचारली. तुमची विचारली. मी अठ्ठावीस वर्षांची होते, मणका माझा होता. मला एकदाही विचारलं नाही."

मी हळूच म्हटलं, "विचारलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

"सगळं ऐकून बहुतेक नकोच म्हणाले असते," नयना म्हणाली. "पण ते मी म्हणाले असते."